दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावताना : समांतर पार्किंग शिकण्याची सविस्तर पद्धत

पुण्याच्या पेठांमध्ये किंवा दादरसारख्या भागात चारचाकी घेऊन जाणारी पुष्कळ माणसे फुटपाथला लागून दोन गाड्यांच्या मध्ये पुरेशी जागा दिसत असूनही ती सोडून पुढे जातात आणि सरळ नाक घालून गाडी उभी करता येईल अशी जागा शोधत आणखी अर्धा किलोमीटर फिरतात. माझी मोठी बहीण दहा वर्षे घाटातून, रात्रीची, भर पावसातही उत्तम गाडी चालवत होती, तरी ही एक गोष्ट तिने कधी केली नव्हती, कारण ती तिला कोणी शिकवलीच नव्हती. तीन रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात तिने सराव केला आणि चौथ्या रविवारी लक्ष्मी रस्त्याच्या एका गल्लीत पहिल्याच प्रयत्नात गाडी लावली. त्या सरावात जे खरोखर उपयोगी पडले, ते येथे क्रमाने मांडत आहे. गाडी उजव्या बाजूच्या स्टेअरिंगची आणि फुटपाथ डाव्या हाताला, हे गृहीत धरले आहे.

गाडी मागेच का घ्यावी लागते

शिकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो, की समोर जागा दिसत असताना गाडी पुढूनच आत का घालू नये. गाडीची फक्त पुढची चाके वळतात. पुढे जाताना नाक वळते आणि मागची चाके त्याच्यामागून आतला, आखूड मार्ग कापत येतात. त्यामुळे नाक फुटपाथला टेकले तरी मागचा भाग रस्त्यातच राहतो आणि त्याला बाजूला सरकवण्याचे कोणतेही साधन चालकाच्या हातात नसते. गाडी मागे जात असताना मात्र वळणारी चाके प्रवासाच्या दिशेने पाहता मागच्या टोकाला येतात. कोकणात होडी पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजते, कारण होडीचे सुकाणूही मागेच असते. रिव्हर्समध्ये आपली गाडी होडीसारखी वागते: न वळणारी चाके आधी जागेत शिरतात आणि सुकाणू, म्हणजे पुढची चाके, तिचे उरलेले अंग वळवून आत आणते.

दिशेचा गोंधळही याच ठिकाणी होतो, म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवावे. रिव्हर्समध्ये स्टेअरिंग ज्या बाजूला फिरवाल, त्या बाजूला गाडीची पाठ जाते, आणि त्याच वेळी नाक विरुद्ध बाजूला फेकले जाते. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग शिकणारे विसरतात, आणि बहुतेक घासाघीस त्यामुळेच होते.

जागा पुरेशी आहे का

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील गणितज्ञ सायमन ब्लॅकबर्न यांनी २००९ साली समांतर पार्किंगसाठी लागणाऱ्या किमान जागेचे सूत्र मांडले. गाडीचे वळण किती मोठे, पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर किती, पुढच्या चाकांपुढे नाक किती बाहेर आलेले आणि पुढे उभ्या असलेल्या गाडीची रुंदी किती, एवढ्यावर ते आधारलेले आहे. स्विफ्टसारख्या गाडीचा हिशोब त्या सूत्राने केला, तर तिच्या सुमारे ३.८५ मीटर लांबीपेक्षा आणखी अंदाजे १.४ मीटर जागा लागते, म्हणजे एकूण सव्वापाच मीटरच्या आसपास. ही मर्यादा एकाही चुकीला वाव न ठेवणारी आहे. शिकणाऱ्याने आपल्या गाडीच्या दीडपट लांबीची, म्हणजे साधारण पावणेसहा ते सहा मीटरची जागा निवडावी आणि हात बसल्यावर ती हळूहळू कमी करत सव्वापाचकडे जावे. होंडा सिटीसारखी साडेचार मीटरहून लांब गाडी असेल, तर सुरुवातीला पावणेसात ते सात मीटर जागा हवी.

रस्त्यावर टेप लावून कोणी मोजत नाही, त्यामुळे नजर तयार करावी लागते. मध्यम चालीचे आपले एक पाऊल साधारण अडीच फुटांचे असते, म्हणजे आठ पावले झाली की वीस फूट, सहा मीटरहून थोडी अधिक. आठवडाभर चालताना उभ्या गाड्यांमधल्या फटी नजरेने जोखाव्यात आणि मग पावलांनी मोजून पाहाव्यात. हा अभ्यास गाडीत न बसता होतो आणि त्याचा फायदा मला वाटले होते त्याहून खूप मोठा ठरला.

जागा मोठी असली तरी ती योग्य असेलच असे नाही. फुटपाथवर, चौकाच्या तोंडाशी, बसथांब्याजवळ, झेब्रा पट्ट्यांपाशी, रुग्णालयाच्या किंवा शाळेच्या फाटकासमोर आणि कोणाच्याही इमारतीच्या प्रवेशासमोर गाडी लावायची नाही. पुण्यात ज्या रस्त्यांवर पी १ आणि पी २ अशा पाट्या आहेत, तेथे पी १ची बाजू विषम तारखांना आणि पी २ची सम तारखांना गाड्यांसाठी असते, तेव्हा जागेआधी पाटी आणि तारीख पाहावी. शिवाय जमीन पाहावी. उघडे गटार, खचलेले झाकण, वर आलेले पेव्हर ब्लॉक, झाडाभोवतीचा कट्टा आणि फुटपाथच्या कडेला रोवलेला बुटका लोखंडी खांब, यांपैकी काही असेल तर ती जागा शिकणाऱ्याची नव्हे.

बसण्यापूर्वीची आणि बसल्यानंतरची तयारी

आसन असे घ्यावे की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील आणि मान वळवून मागच्या काचेतून पाहता येईल. मागच्या सीटवरील उशा आणि पिशव्या खाली ठेवाव्यात. डावा आरसा नेहमीपेक्षा थोडा खाली झुकवावा, इतका की डावे मागचे चाक आणि त्याच्या शेजारची जमीन दिसेल. गाडी लावून झाल्यावर तो पुन्हा जागेवर आणण्यास विसरू नये. बाहेरचे आरसे बहुधा बहिर्वक्र असतात आणि त्यांत वस्तू आहे त्यापेक्षा दूर दिसते, म्हणून शेवटच्या हातभर अंतरासाठी एकट्या आरशावर विसंबणे चूक आहे.

यानंतर गाडी मोकळ्या जागी उभी करून तिचे स्टेअरिंग मोजावे. बऱ्याच लहान गाड्यांमध्ये चाके सरळ असताना एका बाजूला फुल मारण्यासाठी, म्हणजे स्टेअरिंग अडेपर्यंत फिरवण्यासाठी, साधारण दीड फेरा लागतो. आपल्या गाडीला नेमका किती लागतो हे एकदा पाहून ठेवले, की पार्किंग करताना ‘चाके आता सरळ आहेत की नाहीत’ हा संशय उरत नाही. बहिणीच्या बाबतीत निम्मी अडचण केवळ ही होती: ती फुल मारलेले स्टेअरिंग एकच फेरा उलटे फिरवत असे आणि चाके सरळ झाली असे समजत असे.

सर्वांत जास्त वेळ मात्र क्लचला द्यावा. रिव्हर्स गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता, फक्त हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून धरत, आणि ब्रेकच्या आधारावर गाडी मुंगीच्या गतीने मागे नेण्याचा सराव, तोही सरळ रेषेत, वीस-पंचवीस वेळा करावा. ऑटोमॅटिक गाडीत हेच काम एकट्या ब्रेकने होते. गाडी अतिशय हळू आणि हात चपळ, हे या साऱ्या कौशल्याचे मर्म आहे. हाताला फुल मारायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गाडी एक मीटर गेली, तर वळण जिथे सुरू व्हायला हवे तिथे ते होत नाही आणि पुढचे सगळे बिघडते. ज्याला गाडी हळू नेता येत नाही, त्याला मी पुढच्या पायऱ्या शिकवत नाही, कारण त्या त्याच्या हाती लागणारच नाहीत.

पहिला थांबा : पुढच्या गाडीच्या शेजारी

जागा ठरली की आरशात पाहून डावा इंडिकेटर द्यावा आणि वेग आधीपासून कमी करावा, म्हणजे मागून येणाऱ्याला आपला हेतू कळतो. जागेच्या पुढे जाऊन, पुढे उभ्या असलेल्या गाडीला समांतर, दोन ते अडीच फूट अंतर ठेवून थांबावे. दोन्ही गाड्यांचे मागचे बंपर एका रेषेत यायला हवेत. अंतर फुटाहून कमी असेल, तर वळताना आपली डावी बाजू त्या गाडीला घासू शकते. चार फुटांहून जास्त असेल, तर आत पोहोचण्याआधीच जागा संपते. गाडी तिरकी उभी राहिली असेल, तर ती पुढे-मागे करून आधी सरळ करावी. पहिला थांबा चुकला की पुढच्या कोणत्याही टप्प्यावर तो भरून निघत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

येथे उभे असताना रिव्हर्स गिअर टाकावा, म्हणजे मागचे पांढरे दिवे लागतात. मागे एखादी गाडी अगदी चिकटून थांबली असेल, तर घाई करू नये. इंडिकेटर चालू ठेवून हाताने तिला पुढे जाण्याची खूण करावी.

दुसरा थांबा : गाडी तिरकी झाल्यावर

आता दोन्ही आरसे, मागची काच आणि दोन्ही खांदे यांवरून एकदा पूर्ण नजर फिरवावी. गाडी हलू लागताच स्टेअरिंग डावीकडे फुल मारावे. जागच्या जागी, गाडी अजिबात न हलवता चाके वळवली तर टायर रस्त्यावर नुसते घासले जातात आणि स्टेअरिंगच्या यंत्रणेवरही ताण येतो, म्हणून किंचित का होईना, चाक फिरत असावे.

पाठ आता जागेकडे वळते आणि नाक उजवीकडे, वाहत्या रस्त्यात येते. या क्षणी बहुतेकांची नजर मागेच खिळलेली असते आणि उजव्या बाजूने येणारी दुचाकी त्यांना दिसत नाही. आपल्या रस्त्यांवर मागे जाणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी दुचाकी निघून जातात, हे गृहीत धरूनच वागावे. कोणी जवळ आले तर ब्रेक दाबून थांबावे, स्टेअरिंग आहे तसेच धरून ठेवावे आणि वाट मोकळी झाल्यावर तिथूनच पुढे सुरू करावे. थांबल्याने काहीही बिघडत नाही.

गाडी फुटपाथशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करेल तेव्हा दुसरा थांबा घ्यावा. हा कोन ओळखण्याची सोपी खूण उजव्या आरशात मिळते. सुरुवातीला तेथे मागच्या गाडीचा फक्त उजवा हेडलाइट दिसतो, मग नंबरप्लेट येते, आणि तिचा डावा हेडलाइटही दिसू लागला, म्हणजे तिचे सगळे तोंड आरशात आले, की कोन झाला. आरसा आणि चालकाची उंची यांप्रमाणे ही खूण थोडी मागेपुढे होते, म्हणून सरावात खाली उतरून प्रत्यक्ष कोन पाहावा आणि आपल्या आरशातले चित्र लक्षात ठेवावे.

तिसरा थांबा : सरळ मागे, मग उजवीकडे फुल

दुसऱ्या थांब्यावरून निघताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवून चाके सरळ करावीत आणि गाडी तशीच तिरकी, सरळ रेषेत मागे न्यावी. हे अंतर अगदी थोडे असते, बहुतेक लहान गाड्यांमध्ये दोन-अडीच फूट. डाव्या काचेतून पाहावे: आपला डावा आरसा पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरच्या बरोबरीला आला की तिसरा थांबा. येथून गाडी हलताच उजवीकडे फुल मारायचे. पाठ फुटपाथला समांतर होऊ लागते आणि नाक डावीकडे, जागेच्या आत येते.

या टप्प्यावर नजर तीन ठिकाणी आळीपाळीने जायला हवी: आपला पुढचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या बंपरला चुकवून जातो आहे ना, डाव्या आरशात मागचे चाक फुटपाथच्या कडेपासून किती दूर आहे आणि मागची गाडी किती जवळ आली. कोपरा लागेलसे वाटले, तर तेथेच थांबून, चाके सरळ करून अर्धा फूट मागे जावे आणि मग पुन्हा उजवीकडे फुल मारावे. गाडी समांतर झाली की स्टेअरिंग सरळ करून पुढे किंवा मागे सरकावे आणि दोन्हीकडे सारखे अंतर ठेवावे. पुढच्या-मागच्या गाड्यांनाही बाहेर पडायचे असते, म्हणून शक्य असेल तर दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट सोडावेत.

फुटपाथच्या कडेपासून चाक एक वीतभर दूर असणे उत्तम. फुटाहून जास्त अंतर राहिले तर गाडी अरुंद रस्ता अडवते. चाक कडेला घट्ट टेकले तर टायरची बाजूची भिंत, जी त्याचा सर्वांत नाजूक भाग असते, दाबली जाते आणि पुढेमागे तेथे फुगवटा येऊ शकतो.

चुकले कुठे, हे ओळखणे

आत गेलेली गाडी फुटपाथपासून दूर राहिली, तर दुसऱ्या थांब्यावर कोन कमी पडला होता किंवा तिसऱ्या थांब्याआधीच उजवीकडे फिरवायला सुरुवात झाली होती. मागचे डावे चाक कडेवर चढले, तर त्याच्या उलट: कोन जास्त झाला किंवा सरळ मागे जाणे लांबले. पाठ आत आली आणि नाक बाहेर राहिले, तर उजवीकडे फुल मारण्यास उशीर झाला, नाहीतर जागाच अपुरी होती. दर प्रयत्नानंतर खाली उतरून यांपैकी काय झाले ते पाहिले, तर पुढच्या वेळी नेमकी एकच गोष्ट बदलता येते. न उतरता सलग दहा प्रयत्न करणाऱ्यापेक्षा उतरून पाहत चार प्रयत्न करणारा लवकर शिकतो.

चूक अर्ध्या फुटाची असेल, तर आतल्या आत पुढे-मागे करून ती दुरुस्त होते: पुढे जाताना डावीकडे, मग उजवीकडे फिरवून सरळ व्हावे आणि चाके सरळ ठेवून मागे यावे. चूक त्याहून मोठी असेल, तर आत झगडत बसू नये. गाडी बाहेर काढून पहिल्या थांब्यापासून पुन्हा सुरुवात करणे हाच कमी वेळाचा मार्ग आहे. मागे हॉर्न वाजत असताना हे करणे कठीण जाते, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी एक फेरी मारून परत यावे. जागा गेली तर गेली, पण हॉर्नच्या धाकाने वेग वाढवू नये, कारण वेग वाढला की वर सांगितलेले सर्व हातातून सुटते.

मैदानातला सराव

खऱ्या गाड्यांमध्ये शिकायला जाऊ नये. पुठ्ठ्याची मोठी खोकी एकावर एक रचून, किंवा रिकाम्या बादल्यांत वाळू भरून त्यांत उंच काठ्या उभ्या करून दोन ‘गाड्या’ तयार कराव्यात. नुसत्या विटा किंवा बाटल्या चालकाच्या सीटवरून दिसत नाहीत, म्हणून उंची महत्त्वाची. फुटपाथच्या जागी चुन्याची रेघ ओढावी. रुंदी धरण्यासाठी प्रत्येक ‘गाडीचे’ चारही कोपरे, म्हणजे रेघेपासून सुमारे १.७ मीटरपर्यंत, दाखवणे जरुरीचे आहे. पहिल्या दिवशी साडेसहा मीटर जागा ठेवावी आणि ओळीने पाच वेळा काहीही न लागता गाडी आत गेली, की पाव मीटर कमी करावी. एका दिवशी तासाहून जास्त सराव नको. मान आणि क्लचचा पाय दमला की चुका वाढतात.

शिकाऊ परवाना असलेल्याने गाडीला पुढे-मागे ‘एल’ची पाटी लावावी आणि पक्का परवाना असलेली अनुभवी व्यक्ती शेजारी बसलेली असावी. पक्क्या परवान्याच्या चाचणीचा विचार करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये सांगितलेल्या चाचणीत गाडी रिव्हर्समध्ये, ताब्यात ठेवून, डाव्या किंवा उजव्या बाजूच्या मर्यादित जागेत नेता येणे समाविष्ट आहे.

सेन्सर, कॅमेरा आणि बाहेर उभा असलेला माणूस

१ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर असणे बंधनकारक झाले. ते निश्चितच उपयोगी आहेत, पण बारीक खांब, जमिनीलगतचा दगड किंवा उघडे गटार त्यांना कळेलच असे नाही. कॅमेरा मागचे दाखवतो. वळताना बाहेर फेकले जाणारे नाक तो दाखवत नाही, आणि धोका तर तिथेच असतो. म्हणून शिकताना पडद्याकडे न पाहता शिकावे आणि नंतर त्याचा आधार जोडावा.

सोसायटीचा वॉचमन किंवा शेजारचा दुकानदार ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत मदतीला येतो, तेव्हा ती मदत घ्यावी, परंतु त्याला आधी एक गोष्ट सांगावी: ‘काका, मागच्या गाडीला हातभर अंतर राहिले की बंपरवर थाप मारा.’ स्टेअरिंग कोणत्या बाजूला फिरवायचे हे मात्र चालकानेच ठरवावे. दोघांच्या सूचना एकत्र झाल्या की गोंधळ होतो. तो माणूस आरशात दिसेनासा झाला, तर तत्काळ थांबावे.

उतारावर आणि उतरताना

चढ-उताराच्या रस्त्यावर हँडब्रेक पूर्ण ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी: नाक चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. नाक उताराकडे असल्यास पुढची चाके फुटपाथकडे वळवून ठेवावीत. नाक चढाकडे असून फुटपाथला कड असल्यास ती फुटपाथपासून उलट, म्हणजे उजवीकडे वळवावीत, म्हणजे गाडी घसरली तरी चाक कडेला अडकते. कड नसलेल्या रस्त्यावर दोन्ही वेळा रस्त्याबाहेरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे.

चालक रस्त्याच्या बाजूला उतरतो, त्यामुळे दार उघडणे हाही या कामाचाच भाग समजावा. उजव्या हाताऐवजी डाव्या हाताने दार उघडण्याची सवय लावावी. त्यासाठी अंग आपोआप उजवीकडे वळते आणि मागून येणारी सायकल किंवा दुचाकी नजरेत येते. मुलांना आणि वृद्धांना नेहमी फुटपाथच्या बाजूनेच उतरवावे.

परत येईपर्यंत पुढची गाडी बदललेली असू शकते आणि ती अधिक जवळ लागलेली असू शकते. निघताना आधी सरळ मागे, मागच्या गाडीला फूटभर अंतर राहीपर्यंत जावे. मग उजवा इंडिकेटर देऊन, आरसा आणि उजवा खांदा या दोन्हींवरून पाहून, गाडी हलताच उजवीकडे फुल मारावे आणि अगदी हळू पुढे यावे. या वेळी लक्ष पुढच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवावे. तो पुढच्या गाडीच्या बंपरला लागेलसे दिसले, तर चाके डावीकडे फुल मारून मागे यावे आणि पुन्हा उजवीकडे फुल मारून पुढे जावे. प्रत्येक फेरीत नाक थोडे अधिक बाहेर येते. कोपरा मोकळा झाल्यावरही स्टेअरिंग लगेच डावीकडे वळवू नये, कारण पुढे जाताना मागची चाके आतला मार्ग कापतात आणि तसे केल्यास आपल्या गाडीची डावी कूस पुढच्या गाडीच्या उजव्या मागच्या कोपऱ्याला घासू शकते. आपल्या गाडीचा मधला भाग त्या कोपऱ्यापुढे गेल्यावरच हळूहळू सरळ व्हावे.